पंच्याखालचा भाव

"हात काढू नको! ए शाळा, हात भाएर काढलास तर मेलास बघ!"

दलाल चहाच्या टपरीवरून ओरडत पळत येत होता. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास, आणि आवाज असा की जामखेडच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या कंडक्टरनं दचकून डबल बेल दिली असणार. बाजारातली निम्मी जनावरं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. माणसं तर सगळीच.

माझा उजवा हात एका लाल पंच्याखाली होता. त्याच पंच्याखाली आणखी एक हात होता, आणि तो समोरच्या माणसाचा होता. माणूस सात फुटी. आता जरा समज आल्यामुळे मी पावणेसात सांगतो. त्याच्या दुसऱ्या मनगटाला कासऱ्याचे दोन वेढे होते आणि कासऱ्याच्या टोकाला एक राखाडी अंगाचा, कोसा बैल होता. बैलाचा श्वास माझ्या चष्म्यावर येत होता. काचा धुरकटल्या होत्या. बैल दिसतो तेव्हा माणूस घाबरतो, हे खरंच; पण बैल नुसता ऐकू येतो ना, तेव्हा माणसाचं पाणी पाणी होतं.

आणि मी तिथं बैल घ्यायला गेलोच नव्हतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आकडे घ्यायला गेलो होतो.

आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. पणजोबा मिशनच्या शाळेत, आजोबा मिशनच्या शाळेत, पप्पा झेडपीच्या शाळेत. जमीन म्हणाल तर अंगणातल्या तुळतुळीत शहाबादी फरशीखाली जेवढी असेल तेवढी. बैलाशी आमचा संबंध निबंधापुरता: 'बैल हा उपयुक्त प्राणी आहे. त्याला चार पाय असतात.' पप्पांनी हा निबंध इतक्या मुलांकडून इतक्या वेळा लिहून घेतला की खुद्द बैलांनासुद्धा तो पाठ असेल. अशा घरातल्या मुलानं एम.ए.च्या प्रबंधाला विषय काय घ्यावा? 'बैलबाजारातील किंमतनिश्चिती.' मी नाही घेतला. आमच्या सरांनी दिला. सर वर्गात आले की पंखासुद्धा हळू फिरायचा. त्यांनी विषय दिला, मी मान हलवली, आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

कारण प्रबंधाला आकडे लागतात, आणि बैलाचे आकडे कुठंच नव्हते.

आधी सरकारी संकेतस्थळं धुंडाळली. कांद्याचे रोजचे भाव आहेत, सोयाबीनचे आहेत, डाळिंबाचे तर दाणे मोजल्यासारखे आहेत. बैलावर टिचकी मारली की पडद्यावर एक गोल फिरायला लागायचा. तो गोल मी इतका वेळ बघितला की डोळे मिटले तरी आतून फिरायचा. एकदा पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, 'माहिती उपलब्ध नाही.' मी त्याचीसुद्धा झेरॉक्स काढून ठेवली, काहीतरी हाती लागल्यासारखं वाटावं म्हणून.

मग ग्रंथालय. तिथं पशुगणनेचे जाडजूड खंड होते. बैल किती, गायी किती, शिंगं मोडलेली किती, सगळं होतं. किती होते ते कळलं. कितीला होते ते नाही. मग जिल्ह्याच्या एका कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी मला कपाट उघडून दिलं आणि म्हणाल्या, "बाळा, शोध. सापडलं तर मलापण सांग, वरून मागतात."

शेवटी बाजाराच्या कार्यालयात पावतीपुस्तकं मिळाली. जनावर विकलं की पावती फाडतात, तिच्यावर किंमत असते. मी आनंदानं वेडा झालो. तीन दिवस बसून पावत्या उतरवल्या, संगणकावर आलेख काढला आणि आलेख बघून अंगावर काटा आला. सरळ रेषा! म्हातारा बैल, तरणा खोंड, शर्यतीचा, नांगराचा, लंगडा, सगळ्यांचा भाव एकच. दवाखान्यात माणूस गेल्यावर यंत्रावर जशी रेषा येते ना, तश्शी.

सरांनी तो कागद उजेडात धरला, उलटा धरला, परत सुलटा धरला.

"हा बाजार आहे की स्मशान?"

"सर, पावतीवर असंच लिहिलेलं असतं. फी कमी बसावी म्हणून सगळे..."

"मग पावतीवरचा भाव कशाला आणला? खरा भाव आणा. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत. नाहीतर मी सही करणार नाही, आणि सही नाही म्हणजे वर्ष गेलं."

वर्ष गेलं म्हणजे काय, ते आमच्या घरी आधीच ठरलेलं होतं. वर्ष गेलं की मी नागापूरला, मामाच्या कारखान्यात, पॉवर प्रेसवर. मामा भला माणूस. पण मामाला बोटं साडेनऊ. राहिलेलं अर्धं त्या प्रेसनं ठेवून घेतलं. मामा जेवताना भाकरी मोडायचा तेव्हा मी ताटाकडे बघायचो, त्याच्या हाताकडे नाही. तो हसत म्हणायचा, "ये की भाच्या, तुझी जागा धरून ठेवलीय." त्या रविवारी पप्पांनी माझ्यासाठी चर्चमध्ये खास प्रार्थना ठेवली. पाळकसाहेबांना विषय नीट कळला नव्हता, पण त्यांनी डोळे मिटून मोठ्यानं मागणं मागितलं, "प्रभू, या लेकराला डेटा दे." अख्खी मंडळी म्हणाली, "आमेन." मागच्या बाकावरून मामाही म्हणाला. त्याचा आमेन जरा हळू होता, असा माझा संशय आहे.

म्हणून मी त्यानंतरच्या शनिवारी बाजारात. बाजाराचं नाव सांगत नाही. मला तिकडं अजून जावं लागतं.

पावत्या फाडणाऱ्या कारकुनानंच मला कानात सांगितलं होतं की खरा भाव पंच्याखाली असतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात घेतात, वर पंचा टाकतात. तोंडानं बैलाची स्तुती नाहीतर निंदा चाललेली असते, आणि भाव ठरतो बोटांनी. दोन बोटं दाबली की दोन, चार दाबली की चार. हजार का दहा हजार ते जनावर बघून दोघांना ठाऊक असतं. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. सरकारला लागत नाही. त्या फिरणाऱ्या गोलाला तर जन्मात लागणार नव्हता.

मी वही घेऊन त्या दलालाच्या मागं लागलो. म्हातारा, वाळक्या शेंगेसारखा, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या.

"मामा, आज झालेल्या सौद्यांचे भाव सांगा की."

"का रं? तू इन्कमट्याक्सचा?"

"नाही, कॉलेजचा. एम.ए. करतोय."

"शाळंतला व्हय! आरं शाळा, भाव सांगितला तर मग माझ्यापाशी राह्यलं काय? ही मिशी?"

सकाळभर मी मामाच्या साडेनऊ बोटांसकट माझी सगळी रडकथा सांगत त्याच्या मागं, आणि तो जनावरांच्या मागं. दुपारी त्याला दया आली किंवा चहाची तल्लफ आली. त्यानं खांद्यावरचा लाल पंचा काढला, माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "हे संभाळ. आलोच." आणि टपरीवर गेला.

आता मला काय माहीत, की बैलबाजारात पंचा खांद्यावर घेऊन उभा राहिलेला माणूस म्हणजे घेणारा!

तो सात फुटी माणूस सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. माझा हात उचलला, पंचा वर ओढून घेतला आणि माझी चार बोटं दाबली. अंगठा सोडून चार. अशी दाबली की सांधे कडकड वाजले.

मी पुरता घाबरलो, पण त्या भीतीतही माझ्यातला संशोधक जागा झाला. खरा भाव! जिवंत, गरम, खुद्द विक्रेत्याच्या हातून! देशातल्या कुठल्याही संकेतस्थळावर नसलेला आकडा माझ्या मुठीत होता. आणि आमच्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात ठळक अक्षरांत एक नियम होता: उत्तर देणाऱ्याचं उत्तर त्याच्यापुढं पुन्हा म्हणून दाखवावं, म्हणजे चूक राहत नाही. तोंडानं म्हणावं तर शेजारचे ऐकतील. म्हणून मी शहाण्यासारखी त्याची चार बोटं तशीच परत दाबली. म्हणजे, 'चार म्हणालात ना? बरोबर लिहून घेतो.'

त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि टपरीवरून ती आरोळी आली.

"हात काढू नको! आन त्याला बी काढू देऊ नको! धरून ठेव!"

मी धरला. दोन्ही हातांनी धरला. कुणी मारायला आलं तर मारणाऱ्यालाच मिठी मारावी, तसा. पण त्या आरोळीनं बैल बुजला. त्यानं कासऱ्याला हिसडा दिला, कासऱ्यानं त्या माणसाला ओढलं आणि त्या माणसानं मला. पुढं बैल, मधे सात फुटी, मागं मी, वर लाल पंचा, अशी आमची मिरवणूक अख्ख्या बाजारातून निघाली. शेळ्यांच्या रांगेतून गेलो, भेळेच्या गाड्याखालून गेलो. खोटं वाटेल, पण एका ठिकाणी माझे दोन्ही पाय जमिनीवर नव्हते. चप्पल तर मला पुढच्या शनिवारी मिळाली, तीही एकच. पोरंटोरं ओरडत होती, "सोडा की पावनं!" आणि मागून दलाल ओरडत होता, "सोडू नको!" मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढं मला मामाचं बोट दिसलं, जे नव्हतं ते.

बैल पाण्याच्या हौदापाशी थांबला आणि काहीच झालं नसल्यासारखा पाणी प्यायला लागला. दलाल धापा टाकत पोचला. ग्लासातला चहा मात्र सांडला नव्हता. ही गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो.

तो माझ्या कानाशी लागला. "किती बोटं दाबली त्यानं?"

"चार."

"आन तू?"

"चारच. खात्री करून घेतली."

"तुज्या खात्रीला लागली आग! आरं, त्यानं दाबली ती मागनी. तू तेवढीच दाबली, म्हंजे कबूल. दोघांतल्या कुनाचा बी हात भाएर आला की बैल तुजा! मग सगळा बाजार तुला बैल घ्यायला लावनार. हितं शब्द फिरवनाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुनी पानी बी देत न्हाई."

माझ्या खिशात एसटीचं परतीचं भाडं आणि एक पेन होतं. बैल घेऊन मी घरी कुठं जाणार होतो? पप्पांच्या शहाबादी फरशीवर त्याला काय, निबंध लिहायला बसवणार होतो? आणि बैल घेतलाच नाही तर हा सात फुटी माणूस काय करेल, याचा विचार मी सुरू केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

"मामा, मोडता येत नाही का?"

"तुला न्हाई येत. घेनाऱ्याला मागं फिरता येत न्हाई. त्यानं सोताहून मागनी वाढवली, तरच चार मेले." मग त्यानं मला डोळ्यानं गप्प केलं.

तेवढ्यात मला एक गोष्ट जाणवली. तो माणूस हात काढायला बघतच नव्हता. उलट त्यानं माझी बोटं आणखी घट्ट धरली होती, आणि तो माझ्याकडे, दलालाकडे, परत माझ्याकडे बघत होता. तोही घाबरला होता! मी इतका वेळ माझ्याच भीतीत बुडालेलो, दुसऱ्या टोकालाही भीती आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"येकदम हो म्हनला," तो दलालाकडे बघून पुटपुटला. "घासाघीस न्हाई, काय न्हाई. आसं कोन करतं व्हय?"

दलालानं मिशीवरून हात फिरवला. ती मिशी, सांगतो, हसत होती.

"मला काय ठावं बाबा. चष्मा हाय, वही हाय. सकाळपासनं सगळ्या बैलांच्या खुरांकडं बघत फिरतुया. शर्यतवाल्यांचा मानूस असंल. त्यास्नी तुज्या बैलात कायतरी दिसलं असंल, जे तुला घरी रोज बघून बी दिसलं न्हाई."

त्या माणसानं आपल्या बैलाकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा बघावं तसं बघितलं. बैल शांतपणे पाणी पीत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भीतीनं थिजलो होतो, चेहऱ्यावर कुठलाही भाव नव्हता. शर्यतीतल्या पक्क्या जुगाऱ्यासारखाच दिसत असणार.

मला पंच्याखाली अंगठा हललेला जाणवला. चार बोटं तशीच, आणि त्यांना अंगठा येऊन मिळाला. पाच.

"काढ!" दलाल ओरडला.

मी हात काढला. असा काढला की मागं हौदात पडलो. आणि पाण्यात बसल्या बसल्या आधी बोटं मोजली. पाच होती. पुरी.

बाजार उठायच्या वेळेला दलाल मला लिंबाखाली घेऊन बसला. मी ओला, अनवाणी, दात वाजत होते. तो म्हणाला, "काढ ती वही."

"वही भिजली, मामा."

"मग ह्या माज्या पावत्यांच्या मागं लिव्ह. पर नावं लिव्हायची न्हाईत. रंग लिव्ह." आणि त्यानं डोळे मिटून दिवसभराचे सगळे सौदे सांगितले. पांढरा, एका शिंगाचा. काळा, कपाळावर चंद्र असलेला. मग्रूर खोंड. मागणी किती, तोडलं किती, ठरलं किती, एकही अडखळ नाही. ना कागद, ना संगणक. मी विचारलं, "सकाळी का नाही सांगितलं?"

"सकाळी तू नुसता इचारत हुतास. हात घातल्याला नव्हतास." मग मिशी पिळत, "तुजा मामा नागापूरला आसतो म्हनालास, साडेनऊ बोटांचा. त्याला हिकडं आनू नको. भाव चुकंल."

सोमवारी सरांपुढं नवा आलेख ठेवला. रेषा वरखाली, वरखाली, हरिश्चंद्रगडाच्या कड्यांसारखी. सरांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचायला घेतली. पंखा हळू झाला.

"हा एक सौदा काय आहे? कोसा बैल. मागणी चार, कबूल चार, मग मागणी पाच, सौदा मोडला. ग्राहक कोण?"

"मीच, सर."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, झालं. नागापूर. मी प्रेसचा आवाजसुद्धा ऐकला. पण सर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी त्या ओळीभोवती पेन्सिलीनं गोल केला.

"बाकी सगळे आकडे सांगोवांगीचे आहेत. हा एकच तुम्ही स्वतःच्या हातानं घेतलाय. पण अर्धाच घेतलाय. मागणी कळली, तो माणूस खरं कितीला सोडणार होता ते कळलं नाही. ते विचारून या. तेवढी एक चौकट भरा, मी सही करतो."

म्हणजे परत त्या माणसासमोर उभं राहायचं! तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. स्वप्नात कोणीतरी माझी बोटं दाबायचं आणि मी उत्तरादाखल दाबायचोच नाही. मूठ आवळून झोपायचो. शनिवारी पहिल्या एसटीनं गेलो. या वेळी दोन्ही हात खिशात. पेन दातात.

तो हौदापाशीच होता, कोसा बैल शेजारी. मला बघून त्यानं कासरा मनगटाला आणखी एक वेढा दिला. मी पाच हात लांब उभा राहिलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. मी शर्यतवाला नाही, घेणाराही नाही, शाळेतला आहे, आकडे गोळा करतो, एकच आकडा कमी पडतोय आणि त्यावर माझं वर्ष अडलंय. शेवटी विचारलं, "दादा, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही कितीपर्यंत उतरला असता? कितीला विकला असता?"

त्यानं बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली.

"इकायचा नव्हता. भाव बघायला आनला हुता."